धानाच्या तालुक्यात भाजीचा प्रश्न

तुमसर : धानाची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुमसरमध्येही शाळेच्या खिचडीतील तांदूळ शेजारच्या बांधीतून थेट येत नाही; तो भारतीय अन्न महामंडळामार्फत मिळतो. शेतकऱ्याचा शाळेशी थेट संबंध जुळू शकतो तो भाजीपाल्यातून.

१९९५ साली सुरू झालेली आणि २०२१ पासून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने चालणारी ही योजना पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी ठरवून देते. सहावी ते आठवीसाठी भाजीचे प्रमाण ७५ ग्रॅम आहे. म्हणजे प्राथमिकच्या ६० मुलांमागे दररोज तीन किलो भाजी! यावर उपाय म्हणून शाळेत परसबाग लावण्याचा आग्रह धरला जातो. मेथी, पालक, वांगी हिवाळ्यात येतातही. पण चार वाफ्यांतून रोज तीन किलो निघणे अवघडच आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. शेवगा तेवढा कमी पाण्यात तग धरतो.

त्यामुळे परसबागेला गावच्या भाजी उत्पादकांची जोड हवी. शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गटांना सामावून घेण्यास योजनेत वाव आहे. अडचण दराची आहे. बाजारात भाजी कडाडते, शाळेला मिळणारी रक्कम मात्र ठरलेली असते. मग खिचडीतली भाजीच आधी कमी होते.