शेप अप (कार्यपद्धती)

शेप अप ही छोट्या सॉफ्टवेअर गटांसाठीची कार्यपद्धती आहे. ती शिकागो येथील बेसकॅम्प या कंपनीत विकसित झाली. रायन सिंगर यांनी २०१९ मध्ये याच नावाच्या पुस्तकात तिची मांडणी केली.

आराखडा

एखाद्या कामासाठी किती वेळ देणे योग्य ठरेल, हे प्रथम निश्चित केले जाते. त्यानंतर इंटरफेसची कच्ची रेखाटने जाड टोकाच्या पेनाने काढतात. अशा पेनाने बारकावे काढता येत नाहीत. त्यामुळे पडद्यावरील तपशिलांचा निर्णय प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती राहतो.

अंमलबजावणी

एक डिझायनर आणि एक किंवा दोन प्रोग्रामर यांच्या गटाकडे सहा आठवड्यांसाठी काम सोपवले जाते. संपूर्ण इंटरफेसचे चित्र तयार होण्याची वाट न पाहता गट एक लहान भाग चालू स्थितीत आणतो आणि मग पुढील भाग हाती घेतो. वेळ अपुरा पडू लागल्यास कामाची व्याप्ती कमी केली जाते. अपूर्ण कामास आपोआप मुदतवाढ मिळत नाही. त्यामुळे सदोष आराखड्यापायी गटाचे अनेक महिने वाया जाण्याचा धोका टळतो. प्रत्येक चक्रानंतरचे दोन आठवडे दुरुस्त्या व नव्या कल्पनांसाठी मोकळे ठेवले जातात.