शेकरू मोजायचे कसे?

मित्रांनो, शेकरू म्हणजे मोठी खारच. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट. अंग तांबूस, शेपूट झुबकेदार. तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली त्याच्यासाठीच झाले. आपल्या अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या रानातही शेकरू आहे.

मागच्या महिन्यात मी आमच्या देवराईतली त्याची घरटी मोजली. बारा भरली. मी फळ्यावर लिहिले, "देवराईत १२ शेकरू."

गुरुजी म्हणाले, "तुमचं एक घर गावात, एक खोप शेतावर. मग तुला आबा किती? दोन?" सगळी पोरं हसली.

खरे असे आहे की एकच शेकरू पुष्कळ घरटी बांधते. एकात झोपते, एकात पिल्ले ठेवते, काही जुनी मोकळीच पडतात. म्हणून जितकी घरटी तितकी शेकरं, असे होत नाही.

मग आम्ही चौघांनी परत मोजले. ते असे :

१) आधी घरटी पाहिली. पाच विसकटलेली होती, सात धड होती.

२) सकाळी सात ते आठ चौघे चार बाजूंना गप्प बसलो. कोणत्या झाडावर, किती वाजता दिसले, ते वहीत लिहिले. नाहीतर एकच शेकरू इकडून तिकडे गेले की दोनदा मोजले जाते.

३) असे तीन दिवस केले. दोन दिवस एकाच वेळी दोन दिसली, एक दिवस एकच. एक दिसले म्हणजे दुसरे गेले असे नाही. ते पानांत लपते.

म्हणून आता आम्ही लिहितो, "निदान २ शेकरं." बारा नव्हे!

आणखी एक. आमच्या देवराईच्या भोवती भातखाचरं आहेत. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांद्याफांद्यांवरून जाते. देवराईतून डोंगराच्या रानात जायला आमच्या बांधावरचा आंबा आणि जांभूळ एवढीच वाट आहे. आबा तो आंबा तोडणार होते. आई नको म्हणाली, तर ते म्हणाले, "शेकरं बारा आहेत की! एका झाडानं काय होतंय?" तो आकडा माझाच होता.

मी आबांना वही दाखवली. "दोनच आहेत," म्हणालो. आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे यंदा आंबा."

मित्रांनो, मोजताना चूक झाली तर ती लगेच सांगावी. तुमच्या बांधावर शेकरू दिसले तर दिवस, वेळ आणि झाड वर्गातल्या वहीत लिहा.

— इयत्ता ४ थी