मुलांशी दारूविषयी बोलताना

'दारू वाईट, तिच्या वाटेला जाऊ नकोस' एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे बहुतेक पालक समजतात. सल्ला योग्यच आहे. पण तो अपुरा आहे. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. तरीही वरात, यात्रा, निवडणूक अशा निमित्ताने कोवळ्या मुलांच्या हाती ग्लास येतोच. अशा वेळी जीव वाचविणारी माहिती त्यांच्यापाशी हवी.

'बीअरने काही होत नाही' हा पहिला गैरसमज. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या ६५० मि.लि. बीअरच्या बाटलीत ३० मि.लि.च्या सुमारे चार पेगांइतके अल्कोहोल असते. यकृत तासाला साधारण एका पेगाचाच निचरा करते. लिंबू, ताक, कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणून प्यायलेल्याने मोटारसायकल चालवू नये, विहिरीत उतरू नये आणि प्यायलेल्या मित्राच्या मागे कोणी बसू नये.

दुसरा धोका बनावट दारूचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या पार्टीतील अशा दारूने अनेकांचा बळी घेतला. बनावट दारूत मिथेनॉल असू शकते. ते चवीवरून ओळखता येत नाही. त्रास बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतो: पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुके. 'उतरेल आपोआप' म्हणून थांबल्यास दृष्टी जाते, प्राणही जातो. वेळीच रुग्णालय गाठल्यास उपचार होऊ शकतात.

मित्र हाकेला ओ देत नसेल, श्वास संथ झाला असेल, अंग गार पडले असेल, तर १०८ वर फोन करावा. त्याला उताणे न ठेवता कुशीवर वळवावे; उताण्या स्थितीत उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोटे घालू नयेत, एकटे सोडू नये. काय प्यायला, किती व केव्हा, हे डॉक्टरांना खरे सांगावे.

हे शिकविणे म्हणजे पिण्याची परवानगी देणे नव्हे. न पिणे हेच उत्तम. पण घरच्यांच्या भीतीने मुले मित्राला खोलीत झोपवून ठेवतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून पालकांनी आजच मुलांना सांगून ठेवावे, 'काहीही घडले तरी आधी मला फोन कर. रागावायचे ते नंतर पाहू.'