कोरा नमुना आणि भरलेला उतारा

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडच्या ज्या विद्यार्थ्यास, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) संगणक-अभ्यासक्रमात सी प्लस प्लस किंवा जावाशी प्रथमच गाठ पडल्यावर क्लास व ऑब्जेक्ट यांतील भेद उमजत नाही, त्याने घरचा सातबारा पुढ्यात घ्यावा. गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र असे रकाने आखलेला कोरा नमुना म्हणजे क्लास. त्यावर एका विवक्षित गटाची नोंद होऊन सिद्ध झालेला उतारा म्हणजे ऑब्जेक्ट. नमुना एक, उतारे असंख्य. खातेदाराचे नाव कोणासही परस्पर खोडता येत नाही. तलाठ्याने फेरफार नोंदवावा, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा, तेव्हाच ते बदलते. आतील माहितीला केवळ नेमून दिलेल्या मेथडमार्फतच (क्लासमध्ये लिहिलेल्या कृतीमार्फतच) हात लावू देण्याच्या ह्याच दंडकास एनकॅप्सुलेशन म्हणतात, आणि नवशिक्याने सर्वप्रथम हस्तगत करावे ते हेच. इन्हेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बेतण्याचा, मोह (पाठ्यपुस्तके त्यालाच फार मिरवतात!) तूर्त आवरावा.

क्लास व ऑब्जेक्ट यांवर आधारलेल्या ह्या प्रोग्रामिंग-पद्धतीचा उगम नॉर्वेच्या ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी रचलेल्या सिम्युला ६७ ह्या भाषेत आहे. तदर्थ उभयतांस २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.