बांध, शीव आणि जागांचीं नांवें

बांध कोरला गेला म्हणजे शेजाऱ्याशीं तंटा उभा राहतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु बांध केवळ हद्द दाखवीत नाहीं. तो पाणी अडवितो, नवी जमीन घडवितो, आणि पुष्कळदां जागेस नांवही देतो. याचें ठळक उदाहरण मुंबई शहरांत आढळतें. तें येथें थोडक्यांत देतों.

आज एकसंध दिसणारी मुंबई मूळचीं सात बेटें होत. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे व मधला सखल भाग खाजण होऊन राही. खाडी ओलांडून आलेला वाटसरू जेथें पाय धुई ती पायधुणी, असें सांगतात. उमरखाडीच्या नांवांत तर खाडी उघडच आहे. उत्तरेच्या टोंकास शीव. शीव म्हणजे सीमा. मुंबई व साष्टी यांची हद्द तेथें होती. पुढें तिचें ‘सायन’ झालें आणि अर्थ लोपला.

पाण्याच्या वर राहिलेल्या जमिनीचीं नांवें पिकांवरून व झाडांवरून पडलीं. गिरगांवांतील खेतवाडी, मुगभाट, फणसवाडी, केळेवाडी हीं पाहा. भाट म्हणजे लागवडीचा तुकडा; गोमंतकांत माडांच्या बागायतीस आजही भाट म्हणतात. चिंचपोकळीचें नांव चिंच व पोफळी यांवरून आलें, असें मानतात.

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (१७७१–१७८४) यांच्या कारकीर्दींत वरील खिंडार मोठा बांध घालून बुजविण्यांत आलें. त्यास ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणत. वेलार्ड हा शब्द कुंपण वा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. हाजी अलीजवळील लाला लजपतराय मार्ग आज त्याच रेषेनें जातो. आंतील खारी जमीन लागवडीस आणावी म्हणून ती ‘फोरास’ नांवाच्या हलक्या साऱ्यानें दिली जाई. त्या जमिनींच्या हक्कांचा कायदा १८५१ सालीं झाला. फोरास रोड ही त्या साऱ्याची उरलेली खूण.

मात्र बांधानें समुद्र हटला, तरी सखल जमीन उंच झाली नाहीं. दादर-परळ भागांतील हिंदमाता येथें मोठ्या पावसांत पाणी तुंबत आलें आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां शहरांतील सखल वस्त्यांची दैना झाली. भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी समुद्रांत जात नाहीं, हें खारभूमीच्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. त्याची उघाडी ओहोटीस उघडते व भरतीस मिटते. जेथें खाडी, खाजण, खार असें नांव आहे, तेथें घर बांधणाऱ्यानें आधीं पाण्याची वाट विचारावी.

म्हणून आमची शेतकरीबंधूंस विनंती आहे कीं, वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपल्या शेतांचीं, बांधांचीं व ओहोळांचीं नांवें लिहून घ्यावीं. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नांवासाठीं जागा असते. ती रिकामी ठेवूं नये. सर्व्हे नंबर क्षेत्र सांगतो. परंतु पाणी पूर्वीं कोठून वाहत होतें, हें नांवच सांगतें.