काकू, बॉल तिकडं आहे!

"दिसायली का गं?"

"नाही काकू. बॉल तिकडं आहे."

"तिकडं म्हंजी कुठं?"

"समोरच्या गोलकडं. म्हणजे आपल्या पोरी चांगल्या खेळायल्यात."

"मग आपली कामून दिसंना?"

गेल्या डिसेंबरातल्या एका दुपारी हा संवाद माझ्यात आणि काकूत कमीत कमी वीस वेळा झाला असेल. मी धारूरमध्ये, आमच्या घराच्या गच्चीवर. घरात रेंज आली तर आली, गच्चीवर मात्र नक्की येते. काकू कोल्हापूरकडं, उसाच्या फडाजवळ, कोपीवर. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती माझी चुलत बहीण तिसऱ्याच शहरात, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ हॉकी स्पर्धेत, गोलपोस्टसमोर उभी.

मॅच यूट्यूबवर लाइव्ह होती. बहिणीनं सकाळी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली होती, सोबत तीन हात जोडलेल्या इमोजी. काकूच्या फोनवर ती लिंक उघडेना. गोल चक्र फिरायचं आणि थांबायचं. कॉल मात्र लागत होता. मग ठरलं, मी बघायचं आणि सांगायचं. काकूनं फोन स्पीकरवर टाकला, आणि टोळीतल्या चार-पाच बायका गोळा झाल्या. त्या दिवशी गाडी लवकर भरली होती म्हणून हे जमलं. काका ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर, नंबर लागायची वाट बघत बसलेले.

आमच्या भागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केजकडची कितीतरी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता चार-पाच महिने बाहेर राहतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगामही साधारण तोच. त्यामुळं मैदानाच्या कडेला उभं राहून लेकीला खेळताना बघणं काकूला कधी जमलेलंच नाही. आणि ही मॅच टीव्हीवर तर नव्हतीच.

आता तुम्ही विचाराल, धारूरच्या पोरीचा हॉकीशी काय संबंध? गावात हॉकीचं मैदान नाही. शाळेत ती हँडबॉल खेळायची, गोलमध्येच उभी असायची. २ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं, ती मॅच आम्ही दोघींनी एकाच मोबाइलवर बघितली होती. गोल गुरजित कौरनं मारला, पण ही बघत होती सविता पुनियाकडं. पुढं पुण्यात कॉलेजला गेल्यावर हॉकी टीमला गोलकीपर हवी होती आणि गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं. ही झाली. कॉलेजचं किट जुनं, दोन साइज मोठं. पहिल्या दिवसाचा फोटो बघून आजी म्हणाली, "हिला गादीत गुंडाळलंय का?"

गोलकीपर असण्याचा एक फायदा स्ट्रीमवर कळतो. बाकी दहाजणींचे शर्ट सारखे. लांबच्या कॅमेऱ्यात नंबर वाचता येत नाही, चेहरा तर सोडाच. गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा, पायाला जाडजूड पॅड, डोक्यावर हेल्मेट. ती लगेच ओळखू येते. पण तोटाही तिथंच आहे. कॅमेरा एकच, मैदानाच्या मधोमध स्टँडवर, आणि तो फिरतो बॉलच्या मागं. आपली टीम जोरात असेल तर बॉल समोरच्या गोलपाशी, म्हणजे आपली कीपर फ्रेमच्या बाहेर. ती दिसायची असेल तर तिच्या टीमवर संकट यायला हवं. काकूला हे समजलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "नगं दिसू दे मग." पाच मिनिटांनी पुन्हा, "दिसली का गं?"

स्ट्रीमची अवस्था सांगते. स्क्रीनवर स्कोअर नाही. कोणती टीम कोणत्या रंगात, ते लिहिलेलं नाही. कॉमेंट्री नाही. आवाज होता तो वाऱ्याचा, आणि कॅमेऱ्याजवळ बसलेल्या कुणीतरी दोन चहा सांगितल्याचा. निळ्या टर्फवर ऊन पडलं की बॉल गायब. बघणारे त्रेचाळीस. पहिल्या क्वार्टरमध्ये गोल झाला तेव्हा तो आपला की त्यांचा, हे कोणत्या पोरी उड्या मारतात त्यावरून ओळखावं लागलं. आपलाच होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पेनल्टी कॉर्नरवर त्यांनी बरोबरी केली. मी सांगितलं, "काकू, गोल झाला." तिकडं टाळ्या! मग मला सांगावं लागलं की, अहो, त्यांचा झाला.

माझ्या शेजारी खुर्ची टाकून आजोबा बसले होते. त्यांना मोबाइलवरचं काही दिसत नाही, ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तू लई घाई करायलीस. आधी कोणाकडं बॉल आहे ते सांग, मग कुठं आहे ते, मग काय झालं ते."

आजोबांना हा अधिकार आहे. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये भारतानं पाकिस्तानला २-१ हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, ती फायनल त्यांनी गावातल्या एका हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलीय. जसदेव सिंग यांची हिंदी कॉमेंट्री. अशोक कुमारचा तो विजयी गोल आजोबांनी तेव्हा बघितलेला नाही, पण सांगतात असा की जणू ते गोलमागंच उभे होते. आणि मी बघत होते, पण मला सांगता येत नव्हतं. मास कम्युनिकेशनची डिग्री, व्हॉइस ओव्हरमध्ये चांगले मार्क, आणि तोंडातून निघतंय काय, तर "इकडं आला, तिकडं गेला, अय्यो, गेला!"

आपल्याकडं कॉलेजचा खेळ अजिबातच दिसत नाही असं नाही. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्यात हॉकी होती. त्या स्पर्धांमधले निवडक सामने टीव्हीवर आणि ऑनलाइन येतात, तेही कॉमेंट्रीसह. पण त्या पायरीपर्यंत पोचायच्या आधी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या विभागीय स्पर्धा असतात, आणि त्याच्याही आधी कॉलेज-कॉलेजमधले सामने. बहुतेक पोरापोरींचं सगळं करिअर याच दोन पायऱ्यांवर होतं आणि संपतं. तिथं यजमानांपैकी कुणाला सुचलं तर स्ट्रीम, नाही तर ग्रुपवर आलेला स्कोअर.

अमेरिकेत कॉलेजची आइस हॉकी बघा. तिथली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा १९४८ पासून चालू आहे, आणि तिचे शेवटचे सामने देशभर टीव्हीवर दिसतात. बोस्टनमधल्या चार विद्यापीठांची बीनपॉट नावाची स्पर्धा १९५२ पासून आहे, तीही टीव्हीवर असते. पैसा त्यांच्याकडं जास्त, हे मान्य. पण तिथल्या कित्येक विद्यापीठांत विद्यार्थ्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्र असतं आणि आपल्या टीमच्या मॅचची कॉमेंट्री पोरंच करतात. त्याला किती पैसा लागतो? आमच्या बॅचमध्ये आम्ही सोळाजण होतो. शॉर्ट फिल्म केल्या, पॉडकास्ट केले, एकाच धरणावर तीन डॉक्युमेंटरी केल्या. आमच्याच विद्यापीठाच्या मॅचला माइक घेऊन बसावं, हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. एका पोरानं खेळाडूंच्या नावांची यादी समोर ठेवून नुसतं "बॉल आता अमुककडे" एवढं म्हटलं असतं, तरी त्या त्रेचाळीस जणांचं काम झालं असतं. आणि आवाजाला व्हिडिओइतकं नेटही लागत नाही, तो कोपीपर्यंत पोचतो.

असो. मॅच १-१ अशी संपली. बाद फेरीचा सामना, म्हणून शूटआउट. इथं कॅमेरावाल्यानं स्टँड उचलून थेट एका गोलकडं वळवला, त्याचे आभार. त्यानंतर माझी बहीण पूर्णपणे स्क्रीनवर होती. समोरची खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन निघते, गोल करायला आठ सेकंद, आणि मध्ये फक्त कीपर.

आजोबांचं ऐकून मी सावकाश सुरू केलं. "काकू, ती दिसतीय. लाल शर्ट. पुढं आली. वाकलीय. समोरची डावीकडं गेली, ही आडवी झाली... पायाला लागला! बाहेर! अडवला!" फोनमधून एवढा मोठा आवाज आला की खाली अंगणात आजी दचकली. दुसरा गोल झाला. तिसरा झाला. चौथीला हिनं इतका वेळ रोखून धरलं की आठ सेकंदच संपले. पाचवा झाला. आमच्या पाचजणींपैकी दोघींनाच गोल करता आला. हरलो, ३-२.

"हरल्या का?" काकूनं विचारलं.

"हो."

"हिनं किती अडवले?"

"दोन."

"बरं." मग मागं वळून कुणाला तरी म्हणाली, "दोन अडवले म्हणं." आणि मला, "ठेवते गं, भाकरी टाकायच्यात."

रात्री बहिणीचा फोन आला. रडून झालं होतं. तिला दुसरा सेव्ह बघायचा होता. स्ट्रीमचं रेकॉर्डिंग होतं. त्यातून मी दोन छोट्या क्लिप कापल्या आणि तिला पाठवल्या. काकूलाही पाठवल्या, पण एकच टिक. झोपेपर्यंत एकच.

सकाळी उठले तर काकूचा व्हॉइस मेसेज, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांचा. फडात निघायची वेळ. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "दिसली गं. टोपड्यात तोंड काय वळखू आलं नाही. पर उभं राहायची ढब तिच्या बापाची हाय."