जिभेखालची गोळी आणि अर्धशिशी



मुंबईत परिचारिका म्हणून काम करीत असताना हृदयविकाराचे एक वृद्ध रुग्ण मला म्हणाले, "सिस्टर, जिभेखाली गोळी ठेवली की छातीतली कळ थांबते, पण डोके फुटते. म्हणून मी ती बंदच केली." दोनच दिवसांनी मध्यरात्री त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. ते वाचले, परंतु ही डोकेदुखी कशामुळे होते, हे आम्ही त्यांना आधी सांगितले नव्हते, याची खंत मला आजही आहे.

ती गोळी नायट्रोग्लिसरीनची. १८४७ मध्ये इटलीच्या आस्कानियो सोब्रेरो यांनी हा पदार्थ प्रथम तयार केला, आणि किंचित चाखताच त्यांचे डोके ठणकू लागले. पुढे सुरुंगाच्या कारखान्यांतील कामगार सुटीनंतर सोमवारी कामावर परतले की त्यांचे डोके दुखे. शरीर सरावले की ते थांबे.

या औषधापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो. आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तरही तो तयार करीतच असते. त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडून ती रुंदावते. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डेन्मार्कमधील संशोधकांनी हे औषध शिरेतून दिले, तेव्हा बहुतेकांचे डोके लगेच थोडे दुखले व थांबले. अर्धशिशी असणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र काही तासांनी खरा झटका आला. तोवर औषध रक्तातून केव्हाच नाहीसे झालेले असते. म्हणजे केवळ वाहिन्या रुंदावणे हे कारण पुरे पडत नाही. डोक्याच्या वेदना वाहणारे मज्जातंतूही हा वायू चेतवीत असावा. मग त्याची निर्मितीच का रोखू नये? तसा प्रयत्न झाला व काहींना आरामही पडला. पण हाच वायू सर्व शरीरातील रक्तवाहिन्या सैल ठेवीत असल्याने रक्तदाब वाढू लागला.

तेव्हा घरातील सुनेला वा नातवाला अर्धशिशी असेल, तर त्याला ढोंग समजू नका. हृदयाची अशी गोळी सुरू करताना आपल्याला अर्धशिशी आहे, हे कुपत होलिमच्या डॉक्टरांना अवश्य सांगा. डोके दुखले तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी विचारा. परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो.